पाव पायाचा नाही

आमच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज फिरून येतो. म्हणे, पीठ पायाने तुडवून मळत म्हणून नाव पडलं पाव. पाय पटत नसेल तर पुढे दुसरी सोय: पाव म्हणजे चतकोर, रोटीचा चौथा हिस्सा. आणि शेवटी ठणकावून, की पोर्तुगीजांनी हा शब्द आपल्याकडूनच उचलला, एवढं साम्य योगायोगाने येत नाही! काल वेंगुर्ल्यात बेकरीवर लादी बांधून घेताना शेजारच्या काकांनीही तेच ऐकवलं, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

आधी पाय. पायाला 'पाँव' म्हणतात हिंदीवाले. आपण पाय म्हणतो, पाऊल म्हणतो. हा पदार्थ आणला पोर्तुगीजांनी, आणि १५१० मध्ये त्यांनी घेतला तो गोवा. म्हणजे शब्द उतरला कोकणी-मराठी किनाऱ्यावर. इथल्या माणसाने पायावरून नाव ठेवलं असतं तर 'पायरोटी' म्हटलं असतं, त्यासाठी हिंदीकडे उसनवारीला गेला नसता. पोर्तुगीज लोक ब्रेडला नाकातून 'पांव' म्हणतात. पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, हा शब्दही त्यांचाच. उत्तरेत त्यालाच 'रोटी' चिकटवून पावरोटी केलं. एकच वस्तू दोन भाषांत दोनदा सांगितली, इतकंच. कुठे कुणी पीठ पायाने मळलंही असेल. त्याने नावाचा उगम बदलत नाही. पण विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी जिथे अजून सांगतात, तिथे पायाची गोष्ट चटकन रुजते, हे मात्र खरं.

चतकोराचं थोडक्यात. आमच्या बेकरीतली लादी सहाची. चौथा हिस्सा कशाचा काढणार?

आता साम्य. पोर्तुगीज 'पांव' आला लॅटिन 'पानिस'वरून. त्याच शब्दाचं इटालियनमध्ये 'पाने' झालं, स्पॅनिशमध्ये 'पान'. पोर्तुगीजांनी 'न' नाकात ढकलला, म्हणून 'पांव'. हाताचंही तसंच: लॅटिन 'मानुस', पोर्तुगीज 'मांव'. शब्द आपल्याकडून गेला असता तर भावंडांच्या तोंडी हा 'न' आला कुठून?

आपल्याकडे तर तीन वेगळे पाव एका रूपात येऊन बसलेत. खायचा पाव लॅटिनचा. पाव किलोतला पाव संस्कृत 'पाद'चा, चार पायांपैकी एक म्हणून चौथा भाग. आणि 'देवा, पाव रे' मधला 'प्राप्' धातूचा. मालवणीत 'मी घराक पावलंय' म्हणतो तोही हाच. गंमत बघा, पाव किलोतला पाव आणि आपला पाय हे खरोखर सख्खे, दोघेही 'पाद'चे. इंग्रजी 'फूट'सुद्धा त्याच घराण्यातला, दिसायला मात्र काडीचं साम्य नाही. हुबेहूब दिसतो तो खायचा पाव, आणि तोच परका.

जपानी माणूस ब्रेडला 'पान' म्हणतो. तिथेही पोर्तुगीज १५४३ मध्ये पोचले, शब्द त्यांचाच. आपलं पान 'पर्ण'वरून आलेलं. मेसेजच्या हिशोबाने जपान्यांनी पहिला ब्रेड केळीच्या पानावर वाढलेला असणार.

हे सगळं काकांना सांगितलं. लादी पिशवीत टाकत म्हणाले, "ह्या सगळा खरा, पण माझे आजयेन कधी पावाक हात लावल्यान नाय."