डिप्रेशनचा उपचार ओपीडीत, विमा मात्र ॲडमिट झाल्यावरच

डिप्रेशनच्या बहुतेक पेशंटना हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागत नाही. गोळ्या घरी घ्यायच्या, ठरल्या तारखेला डॉक्टरांना दाखवायचं, आठवड्या-पंधरवड्याने समुपदेशकाकडे जायचं. असा नेटाने उपचार घेऊन माणसं बरी होतात. आणि आपला आरोग्य विमा नेमका हाच खर्च देत नाही. मला याचा मनापासून संताप येतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला, मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं कलम २१(४) सांगतं की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं. तरी टाळाटाळ चालूच राहिली. शेवटी आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने, ३१ ऑक्टोबर २०२२ ची मुदत घालून दिली. आता पॉलिसीच्या कागदावर मानसिक आजार असतो, पण बहुतेक पॉलिसींत पैसे मिळतात ते ॲडमिट झाल्यावरच.

माझ्या एका मैत्रिणीची फाइल मी पाहिली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एस्सिटॅलोप्रॅम या डिप्रेशनवरच्या गोळ्यांची बिलं, समुपदेशनाच्या पावत्या, सगळं तारखेवार लावलेलं. हप्ता एकदाही चुकलेला नाही. क्लेम नाकारल्याचं कारण एका ओळीचं: रुग्ण २४ तास दाखल नव्हता.

कंपनी म्हणेल, ओपीडीचा खर्च आम्ही शारीरिक आजारातही देत नाही, मग भेदभाव कुठे झाला? नियमाच्या भाषेत हे बरोबरही आहे. पण हर्नियाचा मोठा खर्च ऑपरेशनच्या दिवशी होतो, डिप्रेशनचा जवळपास सगळा हॉस्पिटलबाहेर. दोघांना एकच अट लावली की एकाला पैसे मिळतात आणि दुसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. याला बरोबरी म्हणायला मी तयार नाही.

शिवाय हा खर्च एकदा करून संपत नाही. गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे जातात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. पैशाची ओढाताण झाली की आधी समुपदेशन सुटतं. मग ‘आता बरं वाटतंय की’ म्हणत गोळ्याही सुटतात, आणि आजार उलटतो.

सरकारी बाजूला याच कायद्याचं कलम १८ आहे. सरकारी यंत्रणेत मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे, आवश्यक यादीतली औषधं तिथे मोफत मिळायला हवीत. पण निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात डिप्रेशन असलेले साधारण ८५ टक्के लोक उपचाराविना आढळले होते. कायद्याने हक्क दिला, पण जिल्ह्यात डॉक्टरच नसेल तर तो मागायचा कुणाकडे?

एक गोष्ट मात्र या कायद्याने फार मोलाची केली. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत नाहीच. तरीही पोलिसांच्या भीतीने घरचे डॉक्टरांपासून खरं लपवतात. कृपा करून लपवू नका.

पॉलिसी रिन्यू करताना ओपीडी आणि समुपदेशन त्यात येतं का, हे कंपनीला मेलवर विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा, दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. आणि कुणाला आत्ताच बोलायची गरज असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.