‘दोनदा येऊन गेले, शॉवर अजून कोमटच’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

आम्हाला एकच तारा देऊन तुम्ही लिहिलंय की मेकॅनिक दोनदा आला, दोन्ही वेळा ‘गीझर ओके’ म्हणून गेला. बादलीच्या नळाला कढत पाणी, शॉवर मात्र पहिल्या मिनिटापासून कोमट. आणि वर २५ लिटरचा गीझर घ्या असा सल्ला. आमच्या वहीत दोन्ही फेऱ्यांपुढे ‘काम पूर्ण’ असा शेरा आहे. तक्रार शॉवरची आणि पाणी तपासलं बादलीच्या नळाला, याला काम पूर्ण म्हणत नाहीत. चूक आमची.

मोठ्या गीझरचा सल्लाही मागे घेतो. टाकी मोठी असली की गरम पाणी जास्त वेळ पुरतं, जास्त गरम येत नाही. १५ लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांवर आणि नळाचं पाणी २० अंशांचं धरलं, तर आंघोळीजोगं ४० अंशांचं पाणी साधारण ३० लिटर मिळतं. मिनिटाला १० लिटर सोडणारा रुंद शॉवर ते तीन मिनिटांत संपवतो. पण मग आधी गरम येऊन नंतर गार झालं असतं. तुमच्याकडे तसं होत नाहीये.

‘कॉइल बदलायला टाळाटाळ केली’ हे मात्र मला मान्य नाही. त्याच गीझरमधून बादलीत कढत पाणी पडतंय, म्हणजे कॉइल ठणठणीत आहे. ती बदलून पैसे घेतले असते, तर तुमचा एक ताराही जास्त झाला असता.

माझा संशय शॉवरच्या मिक्सरवर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळावर आहे. दांडी पूर्ण गरमकडे नेली की आतल्या कार्ट्रिजने (दांडीखालचा, पाण्याच्या वाटा उघडबंद करणारा सुटा भाग) थंड पाण्याची वाट बंद करायची असते. त्यातली चकती झिजली, क्षार अडकला, किंवा पोळू नये म्हणून बसवलेली कडी दांडीला शेवटपर्यंत जाऊच देत नसेल, तर थंड पाणी येत राहतं. थोडक्यात, तुम्ही न सांगता मिक्सरच विसण घालतो! थंडाच्या लाइनला पंप असेल आणि गरमच्या नसेल, तर आणखी जोरात.

हे घरीच बघता येईल. आधी गीझरचं बटण बंद. मग गीझरकडे जाणाऱ्या थंड पाण्याचा अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा, दांडी पूर्ण गरमकडे नेऊन शॉवर सोडा. पाइपातलं उरलंसुरलं पाणी येऊन धार थांबायला हवी. वाहतच राहिली, तर ते मिक्सरमधून शिरलेलं थंड पाणी आहे. झाल्यावर कॉक उघडा, गरम नळाला नेहमीसारखी धार आली की मगच बटण चालू करा. धार थांबली तर माझा अंदाज चुकला, आम्ही गरमची लाइन तपासू.

आणखी एक, आणि हे आजच करा. दुसऱ्या फेरीत आमच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट ७५ वर नेऊन ठेवलाय, हे त्याने मला आत्ता सांगितलं. तो ६० वर आणा. त्याने शॉवर काही तापला नाही, बादलीचा नळ मात्र भाजेल इतका झाला असणार.

दुसऱ्या फेरीचे पैसे परत करतोय. तिसऱ्या खेपेला मी स्वतः येईन, मजुरी नाही. कार्ट्रिज आधीच आणून ठेवू नका. ३५ आणि ४० मिलिमीटर अशी दोन मापं जास्त चालतात, आणि माप तेच असलं तरी कंपनी बदलली की खालच्या खुंट्या जुळत नाहीत. जुनं काढून, शेजारी धरूनच घेऊ.