बाळ रडलं की डबा? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या, माहेरवाशिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘नव्या आयांनो, जिवाला त्रास करून घेऊ नका’ अशी मायेची सुरुवात आणि खाली सहा मुद्दे: पहिले तीन दिवस आईला दूधच नसतं, सिझर झालं तर ते येतच नाही, बाळ सारखं रडतं म्हणजे त्याचं पोट भरत नाही, उन्हाळ्यात पाणी पाजावंच लागतं, हल्लीचं पावडरचं दूध आईच्या दुधाच्या तोडीस तोड आहे, आणि ते पचायला जड वाटलं तर पातळ करून द्या. हेतू चांगला असेलही. पण शेवटचा मुद्दा बाळाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच घेते.

‘जड वाटलं तर पातळ करा.’ अजिबात नको. पाणी वाढवलं की बाळाचं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. शिवाय रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. उलट पावडर जास्त पडली तर बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो आणि अंगातलं पाणी कमी होतं. हे पातळ करणं बहुतेकदा पचनासाठी नसतंच. महिनाअखेर आली, डबा तळाला लागला आणि पगार व्हायला चार दिवस आहेत, तिथे ते सुरू होतं. सिडको-सातपूरच्या कामगार घरांत ही ओढाताण कुणाला सांगावी लागत नाही. त्यामुळे डबा सुरू करण्याआधी पुढच्या सहा महिन्यांच्या डब्यांचा हिशेब मांडायलाच हवा, तोही मेसेजमध्ये कुठे नाही.

पावडर द्यायचीच असेल तर ती नीट कशी करायची तेही इथेच सांगते. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरायचं; पावडर घालताना ते ७० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेलं नसावं. आधी मापाचं पाणी, मग पावडर. डब्यातला चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, दाबून किंवा शिगोशीग भरायचा नाही. किती पाण्याला किती चमचे, हे आपल्याच डब्यावर वाचायचं. शेजारणीच्या डब्याचं माप वेगळं असू शकतं. तयार दूध भांड्यासकट थंड पाण्यात धरून कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून पाहायचं. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं आणि बाळाने तोंड लावून उरवलेलं ओतून द्यायचं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण तो पूर्ण घासता येतो. बाटलीच्या बुचातली खाच कधी निरखून बघा.

‘बाळ रडतं म्हणजे दूध पुरत नाही.’ सगळ्यात जास्त डबे या एका वाक्याने घरात येतात. बाळ भुकेने रडतं, तसं ओल्या लंगोटाने, उकाड्याने, पोटात गॅस धरल्यानेही रडतं, आणि कधी नुसतं कुणी उचलून घ्यावं म्हणून. संध्याकाळी तर कितीतरी बाळं तासभर चिकटून बसतात, सोडतात, पुन्हा मागतात. ते मागणं दूध वाढवण्यासाठीच असतं: जितकं ओढलं जाईल तितकं बनतं. नेमक्या त्याच वेळी सासूबाई किंवा काकू म्हणतात, ‘अगं, तुझं पुरत नाही त्याला.’ मग वरचं दूध येतं, बाळ झोपतं, आईकडे ओढणं कमी होतं आणि दूध खरंच आटायला लागतं. भाकीत खरं ठरल्यासारखं वाटतं, पण ते आपणच खरं केलेलं असतं.

मग पुरतंय की नाही हे बघायचं कुठे? लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिक्या रंगाची शू होत असेल तर दूध पोटात जातंय. दुसरी खूण वजनाची. पहिल्या काही दिवसांत जन्मवजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. तसं भरलं नाही, शू कमी झाली, बाळ सुस्त पडलं, पाजायलाही उठवावं लागलं, तर ग्रुपवर विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि पाजताना दुखत असेल तर बाळाची पकड बघा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली. नुसतं बोंड तोंडात असेल तर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं.

‘पहिले तीन दिवस दूध नसतं.’ असतं, चीक असतो. पिवळसर, चिकट, एका वेळेला जेमतेम चमचाभर. एवढ्याशा पोटाला तेवढाच लागतो. गाईच्या चिकाची खरवसासाठी वाट बघणारे आपण, आईचा मात्र ‘वाईट’ म्हणून पिळून टाकायला सांगतो. त्याच्या जागी मध चाटवणं तर नकोच. वर्षाच्या आत मध दिल्यास बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

सिझरचं म्हणाल तर वार सुटली की शरीराला दूध बनवायचा निरोप मिळतो, मग बाळ कुठल्याही वाटेने आलेलं असो. एखादा दिवस उशीर होऊ शकतो. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर झोपून पाजावं.

उन्हाळ्यातलं पाणी: नाशिकचा पारा मेमध्ये चाळिशी गाठतो हे मान्य. पण आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. पहिले सहा महिने वेगळं पाणी नको, बाळाला जास्त वेळा पाजा आणि तांब्या आईच्या उशाशी ठेवा.

राहिलं ‘तोडीस तोड’. तसं असतं तर डब्यावरच ‘आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम’ असं छापावं लागलं नसतं. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डब्यांची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्यातल्यांना भेटी, सगळ्याला बंदी. पावडर बहुधा गाईच्या दुधापासून बनते. त्यात लोह, जीवनसत्त्वं घालता येतात, आईच्या अंगातून येणारी, रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं येत नाहीत. हां, एका बाबतीत आईचं दूधही कमी पडतं: ड जीवनसत्त्व. त्यासाठी अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब देतात, आपल्या डॉक्टरांना विचारा.

याच्या उलट ‘डबा म्हणजे विष, खरी आई तो आणत नाही’ असेही मेसेज येतात. तेही चुकीचेच. आईची केमोथेरपी चालू असेल किंवा बाळाला गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर शरीराला न पेलणारा जन्मजात आजार) असेल तर अंगावर पाजता येत नाही. खूप लवकर जन्मलेल्या बाळासाठी दूध पेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूधही मिळू शकतं. आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली. आणि पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला येणाऱ्या बाईचं काय? कायद्यातली २६ आठवड्यांची पगारी रजा तिला ठाऊक नाही, मिळतही नाही. बाळ मांडवाला बांधलेल्या झोळीत. पावडरीसाठी लागणारं उकळतं पाणी त्या बांधावर कुठून आणायचं? तिला अंगावरचंच दूध सोपं आहे, फक्त दर दोन-तीन तासांनी पंधरा मिनिटं सावलीत बसू द्यायला हवं, मजुरी न कापता. ते मुकादमाला सांगायचं आहे, तिला नाही.