रोस्टर लावणाऱ्याने एक रात्र कॉकपिटमध्ये बसावं

गोव्यात पेडण्याला देवळाजवळच्या पारावर बसलो होतो. मोपा विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं आणि पायलटांच्या विश्रांतीचा विषय निघाला. माझा भाचा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. मी म्हटलं, "पोराला चार दिवस धड झोप नाही. फोन केला तर ड्युट्या लावणारा रोस्टरवाला सांगतो, नियमात बसतंय."

"बसतंय ना? मग त्याने आणखी काय करायचं?" अनंत म्हणाला. तो बँकेतून निवृत्त झालेला. "विमान उभं राहिलं तरी हप्ते थांबत नाहीत. पायलटला विचारून कंपनी चालत नसते."

"विचारू नको, पण बघ तरी!" दत्ताराम उसळला. त्याने तीस वर्षं बस चालवली. "चोर्ला घाटात पावसाळी धुकं उतरलं की समोरचा दिवा दिसत नाही. वेळापत्रकात मात्र बारा महिने तीच वेळ. एकदा एक साहेब स्वतः माझ्या शेजारी बसून बेळगावला आला. पुढच्या पावसाळ्यात पाऊण तास वाढला."

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, त्यावर अनंतने बोट ठेवलं. विश्रांतीचे नियम कडक केले म्हणूनच लोकांचे हाल झाले, असं त्याचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तास होणार, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर येणार, हे जानेवारी 2024 मध्येच जाहीर झालं होतं. दुसरा टप्पा लागू झाला 1 नोव्हेंबर 2025 ला. जवळपास दोन वर्षं हातात असताना पुरेसे पायलट तयार ठेवले नाहीत, आणि शेवटी डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याला, तात्पुरती सूट द्यावी लागली. यात विश्रांतीचा काय दोष?

"पण विमान कंपनीत उड्डाणांचा प्रमुख पायलटच असतो की," अनंत म्हणाला. मुद्दा बरोबर होता. पण भाच्याकडून ऐकलेलं मी सांगितलं: साहेब उडतात, पण महिन्यातून थोडं, बहुतेक दिवसा. लागोपाठ दुसऱ्या रात्री पहाटे चारला डोळे कसे चुरचुरतात, ते अंगाला विसरायला होतं. जेआरडी टाटा 1932 मध्ये स्वतः टपाल घेऊन कराचीहून मुंबईला आले होते. पुढे विमान कंपनी चालवताना ती वैमानिकाची नजर त्यांच्याकडे होती.

मग मी मंगळूरच्या विमान अपघाताची आठवण काढली. 22 मे 2010, दुबईहून रात्री निघालेलं विमान, 158 मृत्यू, फक्त आठ जण वाचले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. उतरताना सहवैमानिकाने तीनदा सांगितलं, परत वर घेऊ या. झोपेतून उठलेल्या मेंदूला सावरायला वेळ लागतो, आणि तो वेळ रोस्टरच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. पहाटे 2 ते 6 ही शरीराची सगळ्यात मंद वेळ. मोपा चोवीस तास उघडं, त्यामुळे ही वेळ आता आमच्या गावावरूनच जाते.

अनंत बराच वेळ बोलला नाही.

"भाचा आज कुठे आहे?"

"दिल्लीहून येतोय. रात्री दीडनंतर उतरेल मोपाला."

"मग उद्या सकाळी त्याला फोन लावू नकोस," तो म्हणाला, "आणि वहिनींनाही सांग."