चालत्या बेल्टला साबण लावायचा नसतो, मामा!

"इंजिनातून चीं-चीं आवाज येतो? गाडी चालू ठेवून बेल्टवर साबणाची वडी धरा. खर्च शून्य!" मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला हा मेसेज वाचून धाकट्या बहिणीचा फोन: "दादा, अंगाचा साबण चालेल की कपड्यांचाच हवा?" बॉनेट उघडून उभीच होती बाई.

हा बेल्ट म्हणजे इंजिनाच्या पुल्यांवरून फिरणारा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर वगैरे चालवणारा रबरी पट्टा. वडीचंच आधी बघू. गाडी नुसती आयडलिंगला, 800 आरपीएमवर असली तरी क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुली सेकंदाला तेरा वेळा फिरते. पुली 15 सेंटिमीटर व्यासाची धरा. बेल्ट सेकंदाला सहा मीटर पळतो. ओली वडी हातातून निसटली की बोटं थेट बेल्ट आणि पुलीच्या मधे. ओढणी, मोकळे केस यांचीही तीच गत, आणि रेडिएटरचा पंखा कधीही सुरू होतो तो वेगळाच. एवढा जीव धोक्यात घालून मिळतं काय? आवाज थोडा वेळ दबतो. ढिला टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), रेषेबाहेर गेलेली पुली, बेल्टवर गळणारं कूलंट, सगळं जिथल्या तिथे.

हो, इंजिन चालू असताना मेकॅनिक लांबून बेल्टवर पाणी उडवतात, पण ते निदानासाठी. आवाज थांबून परत आला तर पुली रेषेत नाही. वाढला तर ताण कमी.

असे आणखीही सल्ले फिरतात. "भेगा नाहीत म्हणजे बेल्ट ठणठणीत." निओप्रीनच्या जुन्या बेल्टपुरतं ठीक. आताचे बेल्ट ईपीडीएम रबराचे; ते भेगा न पडताही टायरसारखे झिजतात. बेल्ट बनवणारी गेट्स कंपनीच सांगते की बेल्टच्या आतल्या लांब धारांचं रबर 5 टक्के झिजलं तरी फरक पडतो. डोळ्यांना ते दिसत नाही, धारांत बसवून बघायचं गेज लागतं.

"तुटला तर बॅटरीवर घर गाठा." इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापून घराआधी हेड गॅस्केट (इंजिनातलं सील) जाईल. बॅटरीचा दिवा लागला, तापमानाचा काटा चढायला लागला की गाडी बाजूला घेऊन बंद करायची.

"बेल्ट घरी बदलता येतो" हे मात्र बऱ्याच गाड्यांत खरं आहे, मान्य. इंजिन बंद आणि थंड हवं. जुना बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो काढा, टेन्शनर लांब पान्याने मागे ओढा. नवा चढवल्यावर प्रत्येक धार आपल्याच खाचेत बसली का ते बघून मगच चावी फिरवा. एक खाच चुकली तरी बेल्टची कड उसवते.

बहिणीला म्हटलं, वडी बाथरूममध्ये ठेव आणि टेन्शनर दाखवून ये.