नोटीस न देता सोडलं तर पगार बुडतो? नाही.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: 'दोन आठवड्यांची नोटीस न देता राजीनामा दिला तर कंपनी शेवटचा पगार कायद्याने अडवू शकते.' हे चूक आहे.

मोंटाना राज्याचा अपवाद वगळला तर अमेरिकेत खासगी नोकरी सहसा 'ॲट-विल' असते. करारात वेगळं काही नसेल, तर मालक जसा कधीही काढू शकतो तसे तुम्हीही कधीही सोडू शकता. दोन आठवडे हा रिवाज आहे, कायदा नव्हे. (तो मोडलात तर पुढे चांगल्या रेफरन्सची आशा ठेवू नका, एवढंच.)

केलेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतात. कधी, ते राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात न सांगता सोडलं तर ७२ तासांत. ७२ तास आधी सांगितलं असेल तर शेवटच्या दिवशीच. जाणूनबुजून उशीर केला तर कंपनीला दर दिवसामागे एका दिवसाचा पगार जादा द्यावा लागतो, जास्तीत जास्त ३० दिवसांचा. साठलेल्या व्हेकेशनचे पैसेही तिथे पगारातच धरतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र पुढच्या नेहमीच्या पगारतारखेपर्यंत थांबावं लागतं, आणि रजेचे पैसे कंपनीच्या धोरणावर.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना खरी घाई पगाराची नसतेच, व्हिसाची असते. स्वतःहून सोडलं तरी तिथे राहायला ६० दिवसांपर्यंतची सवलत मिळते; आय-९४ (तिथे राहण्याच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर तोपर्यंतच.