शरीराची जाण, पण कुणाच्या शरीरासाठी?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी सांस्कृतिक भांडवलाची, म्हणजे पैशाखेरीज माणसाला समाजात पुढे नेणाऱ्या शिक्षण-संस्कारांच्या पुंजीची, संकल्पना मांडली, तेव्हा घरात नकळत अंगवळणी पडलेल्या सवयी आणि जाण यांनाही त्यांनी भांडवलच मानले. शरीराच्या बाबतीत हा वारसा मुलाला आणि मुलीला सारखा मिळतो, असे मला वाटत नाही.

कोल्हापूरची तालीम पाहा. हौद्यातल्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मऊ केली जाते, वस्ताद जोर-बैठका मोजून घेतो, बदाम-खसखशीची थंडाई घोटली जाते आणि पोराच्या खुराकासाठी घरदार पदराला खार लावून घेते. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव पैलवान वडिलांच्याच घरात वाढले होते. आता मुलीही आखाड्यात उतरतात, याचा मला मनापासून आनंद आहे. तरी कमावलेले शरीर म्हटले की अजून पुरुषच डोळ्यांसमोर येतो, आणि बाई व्यायामाला लागली की ‘बारीक व्हायचंय का?’ असेच विचारले जाते.

बाईच्या शरीराविषयीचे ज्ञान आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तेल लावून अंग रगडणे, शेक-शेगडी हे सारे शास्त्र बायकांनीच जपले. पण ते बाळंतिणीच्या वाट्याला येते, आणि तेही बाळाला दूध पुरावे म्हणून. सव्वा महिना सरला की तीच बाई इतरांची पथ्ये सांभाळू लागते.

शिक्षणाने हे आपोआप बदलत नाही. माझ्या परिचयातल्या एक प्राध्यापिका नवऱ्याच्या रिपोर्टातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पाहून आठवड्याच्या भाज्या ठरवतात. स्वतःचे हिमोग्लोबिन मात्र त्यांनी कित्येक वर्षांत तपासलेले नाही. त्यांच्या ज्ञानात खोट नाही, त्या ज्ञानावर पहिला हक्क घरच्यांचा असतो इतकेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. मासिक पाळी आणि बाळंतपणे ही त्यामागची शारीरिक कारणे आहेतच. परंतु सर्वांत सुखवस्तू घरांतल्या स्त्रियांमध्येही हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असावे, याचा उलगडा तेवढ्याने होत नाही. तिथे डाळ, फळे, डॉक्टर आणि शिक्षण सगळेच परवडते. म्हणून घराघरांत विचारावे असे वाटते, की नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या तपासणीची तारीख ठरवताना तिची तारीख कोण ठरवते?